भाताशिवाय राईस प्लेट

मुंबई-पुण्याच्या उपाहारगृहांत दुपारच्या जेवणाला ‘राईस प्लेट’ हे नाव पडले त्याला काही पिढ्या लोटल्या. नावातच तिचे स्वरूप स्पष्ट आहे. भात हे जेवण. बाकीच्या वाट्या त्याच्या सोबतीला. अशा ठिकाणी एखादा मधुमेही गृहस्थ वाढप्याला ‘भात नको, त्याऐवजी उसळीची आणखी एक वाटी द्या’ असे सांगतो, तेव्हा मिळणारे उत्तर बहुधा ठरलेले असते. भात नको असेल तर ठेवा बाजूला, दर तोच; उसळीचे पैसे मात्र वेगळे पडतील. गृहस्थ ओशाळतो, शेजारच्या टेबलावरील दोघे वळून पाहतात, आणि पुढे आलेला भात तो निमूटपणे खातो. घरी गेल्यावर पत्नीची आणि महिन्याअखेरीस डॉक्टरांची बोलणी त्यालाच खावी लागतात.

हा प्रसंग क्षुल्लक वाटेल. परंतु भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या राष्ट्रव्यापी पाहणीचे जे निष्कर्ष 2023 साली प्रसिद्ध झाले, त्यांनुसार देशात मधुमेहींची संख्या 10 कोटींच्या पुढे गेली असून मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेले आणखी 13 कोटींहून अधिक आहेत. याच अभ्यासमालेतून असेही दिसले, की सरासरी भारतीयाच्या आहारातील सुमारे 62 टक्के उष्मांक कर्बोदकांतून, म्हणजे भात, पोळी, भाकरी, पाव आणि साखर यांतून येतात. प्रथिनांचा वाटा जेमतेम 12 टक्के. तेव्हा प्रश्न एकट्या ओशाळलेल्या गृहस्थाचा नाही.

दोष सामान्यतः त्याच्या जिभेवर ढकलला जातो. तो अंशतः खरा असेलही. पण उपाहारगृहाचे दरपत्रक नीट वाचले तर वेगळीच गोष्ट ध्यानात येते. तांदूळ आणि कणीक हा थाळीतील सर्वांत स्वस्त घटक. भाताचे आणखी एक वाढप मालकाला जवळपास फुकट पडते. पनीर, मासळी, अंडी, हिरवी भाजी महाग पडते. म्हणून ‘अमर्याद’ असते ते धान्य, आणि मोजून मिळते ते बाकीचे. एकदा थाळीचे पैसे भरले, की ग्राहकाच्या दृष्टीने पुढच्या प्रत्येक पोळीची किंमत शून्य होते, आणि शून्य किमतीला मागणी कुठवर जाते हे अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही ठाऊक असते. जो कमी खातो तो जास्त खाणाऱ्याचा खर्च उचलतो. अमर्याद थाळीत पथ्य पाळणारा मधुमेही हा आपल्या न खाल्लेल्या भाताचे पैसे भरणारा ग्राहक होय.

यात हॉटेलमालकांना खलनायक ठरविण्याचे कारण नाही. सरकारी धोरणाचाही कल तोच आहे. 2013 च्या अन्नसुरक्षा कायद्याने धान्य हाच सवलतीचा केंद्रबिंदू मानला, आणि दारिद्र्याच्या संदर्भात ते योग्यही होते. राज्य शासनाने 26 जानेवारी 2020 रोजी दहा रुपयांत सुरू केलेल्या शिवभोजन थाळीत दोन पोळ्या, दीडशे ग्रॅम भात, शंभर ग्रॅम भाजी आणि शंभर ग्रॅम वरण असे प्रमाण ठरविले होते. उपाशी माणसाला उष्मांक आधी लागतात. पण नोकरदार, व्यापारी, निवृत्त अशा मंडळींच्या थाळीचा आराखडाही तोच राहावा, हे मात्र केवळ सवयीचे फळ आहे.

सवय वाढण्याच्या क्रमातही आहे. आपल्या पानात डाव्या बाजूची कोशिंबीर चवीपुरती. सुरुवात वरण-भातावर तूप आणि लिंबू घेऊन व्हायची, मग पोळी, शेवटी पुन्हा ताकभात. अलीकडच्या काही लहान अभ्यासांत भाज्या आणि प्रथिने आधी व धान्य शेवटी खाल्ल्यास जेवणानंतरची रक्तशर्करा कमी चढते असे आढळले आहे. म्हणजे आपल्या पंक्तीचा क्रम नेमका उलटा. घरी तो बदलता येतो. हॉटेलात भाजी यायच्या आधी पोळ्यांची चळत येते, आणि भुकेला माणूस वाट पाहत नाही.

काही गैरसमजही दूर व्हायला हवेत. ज्वारीची भाकरी ‘चालते’ म्हणून चार खाणारे अनेक आहेत. ज्वारीचे पीठ काय आणि गव्हाचे काय, वजनाचा सुमारे दोन तृतीयांश भाग कर्बोदकांचाच. भाकरीचे गुण आहेत, पण ती औषध नव्हे. उपवासाची साबुदाणा खिचडी म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट, आणि तिला आधार काय तो शेंगदाण्याच्या कुटाचा. उलटपक्षी, बदनाम झालेल्या मिसळीतील मोड आलेल्या मटकीची उसळ मधुमेह्याच्या कामाची आहे. गोंधळ करतात तो पाव आणि फरसाण. मालवणी खानावळीतील तळलेल्या सुरमईपेक्षा तिच्याबरोबर येणाऱ्या भाताच्या डोंगराची धास्ती अधिक बाळगावी. आणि गुळाची आमटी, कोशिंबिरीतील साखर, चिनी म्हणविणाऱ्या पदार्थांना दाटपणा आणणारे मक्याचे पीठ, ही तर डोळ्यांना न दिसणारी भर.

न दिसणाऱ्याचा हिशेब करायचा कसा? अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या 2020 च्या नियमावलीने दहा किंवा अधिक ठिकाणी शाखा असलेल्या उपाहारगृहांना पदार्थासमोर उष्मांक छापणे बंधनकारक केले. पाऊल स्तुत्य आहे, पण ते मधुमेह्याला अर्ध्या वाटेवर सोडते. साडेतीनशे उष्मांकांची कोंबडी आणि साडेतीनशे उष्मांकांचा भात यांचा त्याच्या रक्तावरील परिणाम एक नाही. त्याला कर्बोदकांचे ग्रॅम हवेत. शिवाय बहुसंख्य लोक जेथे रोज जेवतात ती एकाच जागेची खानावळ या नियमाच्या बाहेरच आहे. तिला प्रयोगशाळेच्या चाचण्यांचा भुर्दंड देणे अन्यायाचे होईल. वाटीचे माप आणि भाताचे वजन फलकावर लिहिणे मात्र कोणालाही परवडेल.

हॉटेलवाले म्हणतात, प्रत्येकाच्या पथ्याप्रमाणे स्वयंपाक कसा करायचा? युक्तिवाद वजनदार आहे. परंतु त्यांनीच तो खोटा पाडला आहे. कांदा, लसूण आणि बटाटा यांवाचून पावभाजी होऊ शकते असे कोणी पूर्वी म्हटले असते तर हसू आले असते. आज मुंबईत ‘जैन पावभाजी’ कच्च्या केळ्यावर सर्रास मिळते, आणि मागणाऱ्याला कोणी हसत नाही. 2011 च्या जनगणनेत महाराष्ट्रातील जैनांची संख्या सुमारे 14 लाख होती. त्यांच्यासाठी कोणताही कायदा करावा लागला नाही. ते निःसंकोचपणे मागत राहिले, नाही मिळाले तर उठून दुसरीकडे गेले, आणि बाजाराने त्यांचे ऐकले. मधुमेही त्यांच्याहून संख्येने कितीतरी अधिक. पण तो मागत नाही. व्रत सांगताना मान ताठ असते, रोग सांगताना ती खाली जाते. मागणीच उच्चारली गेली नाही तर पुरवठा कोठून होणार?

मागायचे आहे तेही फारसे नाही. उपरोक्त अभ्यासमालेतील 2022 चा हिशेब असा, की नव्याने मधुमेह झालेल्यांनी कर्बोदकांचा वाटा निम्म्याच्या आसपास आणि प्रथिनांचा 20 टक्क्यांच्या जवळ आणल्यास साखर पूर्वपदावर येण्याची शक्यता वाढते. हॉटेलच्या भाषेत याचा अर्थ भात निम्मा आणि उसळ किंवा अंडी दुप्पट. धान्य वर्ज्य करण्याचा टोकाचा आग्रह येथे अभिप्रेत नाही, आणि तो मनानेच धरणे धोक्याचेही आहे. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेणाऱ्याने मात्रा कमी करून न घेता भात एकाएकी सोडला तर साखर घसरून घेरी येऊ शकते; मूत्रपिंडाचा विकार असलेल्याला प्रथिनांचाही विचार करावा लागतो. अशांनी डॉक्टरांशी बोलल्याखेरीज ताट बदलू नये. त्याच कारणाने, टेबलावर बसताच इन्सुलिन टोचून घेणाऱ्याला ‘पाच मिनिटांत आणतो’ म्हणून अर्धा तास ताटकळत ठेवणे हा केवळ सेवेतील ढिलेपणा राहत नाही. स्वयंपाकघरातून ताट निघाल्याखेरीज त्याने सुई काढू नये हे बरे.

राहता राहिला दराचा प्रश्न. भात आणि दोन पोळ्या वगळून त्या जागी उसळीची एक वाटी दिली तर मालकाचा खर्च थोडा वाढेल, हे मान्य. तो फरक दहा-वीस रुपयांनी फलकावर उघड लिहावा. ज्याला परवडेल तो देईल. जेथे ‘एक्स्ट्रा पाव’ आणि ‘एक्स्ट्रा पोळी’ यांचे दर रंगवून लावले आहेत, त्याच भिंतीवर ‘भाताऐवजी उसळ’ ही एक ओळ मावण्याजोगी जागा नक्कीच आहे.