पान संपतं, तक्ता संपत नाही

स्क्रीनवर सगळंच छान दिसतं. खरी परीक्षा कंट्रोल-पी दाबल्यावर सुरू होते! हे मी कुठल्या पुस्तकात वाचलेलं नाही, घरच्यांची बोलणी खाऊन शिकलोय.

त्याचं असं झालं. आमच्या गावच्या जमिनीच्या सातबाऱ्यावर ४३ नावं. रत्नागिरी जिल्ह्यातल्या कुणाला याचं नवल वाटणार नाही. कोकणात जमिनी पिढ्यान्‌पिढ्या सामाईक राहिल्या, वाटप झालंच नाही आणि वारसांची नावं वाढत गेली. जागा गुंठ्यात आणि मालक पानभर! त्यातले निम्मे मुंबईत. शेवटी काकांनी मनावर घेतलं. आधी सगळ्यांच्या संमतीच्या सह्या एका यादीवर घेऊ, मग वाटपाच्या अर्जाचं बघू. "तू कॉम्प्युटर शिकतोस ना? मग यादी तू कर," असं म्हणून काम माझ्या गळ्यात पडलं.

मी ब्राउझरमध्ये दिसणारा झकास तक्ता केला. घर, नाव, हिस्सा आणि सही असे चार रकाने. 'थोरलं घर', 'मधलं घर', 'धाकटं घर' हे शब्द प्रत्येक ओळीत कशाला, म्हणून रोस्पॅन वापरून एकेकदाच लिहिले. झेरॉक्सच्या दुकानात प्रिंट काढली, काका मुंबईला घेऊन गेले.

सह्या होऊन कागद परत आले तेव्हा घोळ कळला. दुसऱ्या पानावर रकान्यांची शीर्षकं नव्हती आणि कुठलं घर तेही नव्हतं. आजोबांचं नाव नातवाला ठेवायची आपली पद्धत, त्यामुळे एकाच नावाचे दोघे. दोघांनी एकमेकांच्या ओळीत सही ठोकली! एक ओळ तर मधोमध चिरली होती. नाव पहिल्या पानाच्या तळाला, सहीची उरलेली चौकट दुसऱ्या पानाच्या डोक्यावर. सगळं पुन्हा करायचं ठरलं. दरम्यान मुंबईतल्या आत्याआजी गेल्या. त्यांच्या जागी आता चार वारस लागणार. ४३ चे ४६ झाले.

चूक ब्राउझरची म्हणून मोकळं होता येतं. पण थोडं खोलात गेलो तेव्हा कळलं की चूक माझी होती. वेबपेजला मुळात पानच नसतं, ते तेरड्याच्या माळासारखं खालपर्यंत पसरलेलं. कागद आला की ब्राउझर त्यावर सुरी चालवतो. सुरी कुठे पडेल हे कागदाच्या मापावर, समासावर, फॉन्टवर ठरतं. ए-फोरची उंची २९७ मिलिमीटर, अमेरिकन लेटरची २७९, आपल्या कचेऱ्यांतल्या लीगलची ३५६. मी घरी ए-फोरवर बघितलं, दुकानात लीगल होता. झालं!

यावरचा उपाय जुना आहे. लांब तक्ता छापताना टीहेडमधली शीर्षकं दर पानावर पुन्हा देता यावीत, ही कल्पना १९९७ च्या एचटीएमएल ४ मध्येच आहे. पान कुठे तोडायचं आणि कुठे नाही हे सांगायची सोय १९९८ च्या सीएसएस २ मध्ये आली. ब्राउझरांनी ते नीट पाळायला पुढे बरीच वर्षं घेतली, हे खरं. पण आज मी टीहेड लिहिलाच नव्हता, याचा दोष कुणाला देऊ? दुसऱ्या खेपेला मी आणखी शहाणपणा केला. दर २० ओळींनंतर हाताने पान तोडलं. लांब नावं दोन ओळींत गेली, हिशेब चुकला आणि एका पानावर नुसत्या तीनच ओळी आल्या. तिसऱ्या खेपेला जमलं ते असं: टीहेडमध्ये शीर्षकं, प्रत्येक ओळीला 'ब्रेक-इनसाइड: अव्हॉइड', रोस्पॅन रद्द करून घराचं नाव दर ओळीत, कागदाचं माप पक्कं आणि तळाला पानाचा क्रमांक.

हे बघून आजोबा हसले. म्हणाले, "तलाठ्याच्या जुन्या वहीत प्रत्येक पानावर रकाने छापलेले असायचे. वाण्याच्या चोपडीतसुद्धा बेरीज 'मागील पानावरून' पुढे यायची. तुम्ही नवीन काय केलंत?" उत्तर नव्हतं. त्या माणसांना ठाऊक होतं की पान वहीतून सुटू शकतं.

मला म्हणायचंय ते इतकंच. प्रत्येक पान एकटं पडणार आहे असं धरून चालायला हवं. झेरॉक्स काढताना, फायलीला टाचताना, कुणाला एकच पान देताना ते एकटं पडतंच. तेव्हा हा कागद कशाचा, रकाना कशाचा, कितीपैकी कितवं पान, हे त्याच पानावर कळलं पाहिजे.

मित्र म्हणतात, आता सगळं पेपरलेस होणार, प्रिंटची काळजी कशाला? डिजिटल सहीचा सातबारा २०१८ पासून घरबसल्या मिळतो, मान्य. पण तो मिळाल्यावर लोक पहिली गोष्ट काय करतात? प्रिंट काढतात! सही करणाऱ्या सत्तरीच्या माणसाला स्क्रोल करायला सांगणार का?

आपण प्रोजेक्टच्या डेमोला तक्त्यात पाच ओळी भरतो. 'अबक', 'टेस्ट वन', 'टेस्ट टू'. एक्स्टर्नल मान डोलावतात, मार्क मिळतात. या वर्षी एवढंच करून बघा. कोकणातल्या एखाद्या सातबाऱ्याएवढी नावं भरा, कंट्रोल-पी दाबा आणि मधलंच एक पान उचलून आईच्या हातात द्या. तिला ते कशाचं आहे हे कळलं, तर प्रोजेक्ट पूर्ण झाला म्हणा.

आमच्या यादीवर आता ४६ पैकी ३८ सह्या झाल्यात. उरलेल्या आठांसाठी काका पुढच्या आठवड्यात पुन्हा मुंबईला निघालेत. या वेळी प्रिंट मी स्वतः तपासून दिलीय.