पाणी आले, पण कसले?

इचलकरंजीत पाण्याचा विषय निघाला की पहिला वाद होतो तो नदीवरून. वारणेचे आणायचे की दूधगंगेचे? वारणेची योजना वारणाकाठच्या दानोळी गावाच्या विरोधात अडकली. मग दूधगंगेवरच्या सुळकूडचे नाव पुढे आले, तर कागल तालुका रस्त्यावर उतरला. मोर्चे निघाले, उपोषणे झाली, मुंबईत बैठकांवर बैठका झाल्या आणि दर निवडणुकीत शहराला मुबलक पाणी देण्याचे वचन नव्याने छापून वाटले गेले. या गदारोळात आज नळाला येणारे पाणी पिण्याजोगे आहे का, असे कुणी विचारलेच तर ते साथीच्या दिवसांत. साथ ओसरली की विचारणारेही घरी जातात.

वास्तविक या शहराला तो विसर परवडणारा नाही. 2012 च्या उन्हाळ्यात यंत्रमागाच्या या गावात काविळीची साथ आली. हजारोंना लागण झाली, काहींचे जीव गेले. हिपॅटायटिस ई या विषाणूची ही कावीळ माणसाच्या मैल्यातून पाण्यात आणि पाण्यातून पुन्हा माणसात येते. धडधाकट माणूस बहुधा त्यातून उठतो, पण गरोदर बाईला शेवटच्या महिन्यांत ती झाली तर पाचांतली एक दगावू शकते. शिवाय हा विषाणू शरीरात शिरल्यापासून डोळे पिवळे व्हायला दोन ते आठ आठवडे लागतात. म्हणजे दवाखान्यांत रांगा लागतात तेव्हा ते दूषित पाणी केव्हाच पिऊन झालेले असते, फुटलेली वाहिनी जोडून वर डांबरही पडलेले असते. पालिका मग त्या दिवशीचे नमुने घेते आणि ते शुद्ध असल्याचे पत्रक काढते. खोटे काहीच नसते त्यात, फक्त ते सव्वा महिना उशिराचे असते. महिन्यापूर्वी त्या गल्लीतल्या नळाला कसले पाणी आले, हे सांगू शकणारी एकच गोष्ट म्हणजे रोजच्या तपासणीची नोंदवही. ती नसेल किंवा बसल्या जागी भरलेली असेल, तर चौकशी समितीने कितीही पाने खर्ची घातली तरी हाती काही लागत नाही.

नदीचा प्रश्न खोटा आहे, असे नाही. पंचगंगेच्या काठावर कोल्हापूर वर आहे आणि इचलकरंजी खाली. कोल्हापूरने आपल्यापुरता मार्ग काढला. 2023 च्या दिवाळीत काळम्मावाडी धरणातून थेट पाईपलाईनने पाणी शहरात आले, गुलाल उधळला गेला. पंचगंगेचे पाणी पिण्याची वेळ कोल्हापूरवरून टळली, पण त्याच शहराचे सांडपाणी घेऊन वाहणारी पंचगंगा खालच्या गावांच्या वाट्याला राहिलीच. इचलकरंजीला तक्रार करण्याचा पूर्ण हक्क आहे. मात्र तिच्या स्वतःच्या प्रोसेस कारखान्यांचे आणि गटारांचे पाणी पोटात घेऊन काळा ओढा त्याच नदीला मिळतो आणि शिरोळ तालुक्याला ते पुढे प्यावे लागते. उच्च न्यायालयाने लक्ष घातले, नीरी या राष्ट्रीय पर्यावरण संशोधन संस्थेचा अहवाल आला. तरीही तेरवाडच्या बंधाऱ्यात मेलेल्या माशांचा खच पडल्याच्या बातम्या येतच राहिल्या. वरच्याने घाण सोडायची आणि खालच्याने आणखी दूरच्या स्वच्छ नदीकडे बोट दाखवायचे, हा खेळ या खोऱ्यात असा चालला आहे. बोट दाखवायला उरलेल्या नद्या आता फार नाहीत.

पण धरा की उद्या दूधगंगेचे निर्मळ पाणी आले. ते कुठल्या नळांतून येणार? याच नळांतून. इचलकरंजीतच असे नाही, राज्यातल्या कुठल्याही जुन्या गावठाणात सकाळी चक्कर मारावी. रस्त्याखालच्या मुख्य वाहिनीवरून अर्धा इंची लोखंडी नळी निघते, उघडे गटार ओलांडते आणि घरात शिरते. गटारातल्या काळ्या पाण्यात ती बुडालेली असते. वाकणावर गंज चढलेला असतो आणि गळती थांबवायला कुणीतरी सायकलच्या ट्यूबची पट्टी आवळून बांधलेली असते. पाणी सुरू असते तोवर दाबामुळे नळीतले पाणी बाहेर झिरपते, ते एक वेळ चालेल. व्हॉल्व्हमनने चावी बंद केली की दाब उतरतो, नळी रिकामी होऊ लागते आणि आतल्या पोकळीला जे मिळेल ते ती ओढून घेते. दिवसाआड किंवा तीन दिवसांआड पाणी मिळणाऱ्या गावांत नळी तासभर भरलेली आणि दोन दिवस रिकामी असते. त्यात पाणी आल्याबरोबर घरोघर टुल्लू लागतात. मोटर थेट नळाला जोडली की शेजाऱ्याचा नळ कोरडा पडतो, हे सगळ्यांना ठाऊक आहे. त्याच ओढीने गटारातले पाणीही आत येते, हे मोटर लावणाऱ्याच्या गावीही नसते. पहिली दोन-तीन मिनिटे गढूळ पाणी सोडून द्यायचे, मग नळाला फडके बांधून भरायचे, ही सवय आपल्या बायकांना कुणी शिकवली नाही. नळानेच शिकवली. फडक्यात अळ्या आणि गंज अडतो, विषाणू अडत नाही.

शुद्धीकरण केंद्रात मात्र सगळे ठाकठीक दाखवता येते. पाहुणे येतात तेव्हा त्यांना तिथेच नेतात. जॅकवेलमधून आलेले पाणी पायऱ्यांवरून खळाळत उतरते, तुरटी पडते, गाळ बसतो, वाळूच्या थरांतून पाणी गाळले जाते, क्लोरीन मिसळते आणि शेवटी काचेच्या पेल्यात ते साहेबांपुढे धरले जाते. पाहुणे पितात, फोटो निघतो. पेला भरायला नळ मात्र केंद्राच्या आवारातला असतो. भारतीय मानक 10500 सांगते की ग्राहकाच्या नळाशी लिटरमागे किमान 0.2 मिलिग्रॅम मोकळे क्लोरीन शिल्लक असावे. या अटीमागे शहाणपण आहे. वाटेत कुठे घाण मिसळली की क्लोरीन तिच्याशी झुंजण्यात खर्ची पडते. शेवटच्या नळाशी ते उरले असेल तर वाट बरीचशी सुरक्षित होती. उरले नसेल तर एक तर केंद्रातच कमी टाकले किंवा मध्ये काहीतरी शिरले. हे कळायला प्रयोगशाळा लागत नाही. खेडोपाडी आरोग्यसेवक जी ओटी टेस्ट करतो, तीत छोट्या नळीत पाणी घ्यायचे, ऑर्थोटोल्यूडिनचे थेंब टाकायचे आणि रंग पाहायचा असतो. फिका पिवळा आला तर क्लोरीन आहे, पाणी तसेच राहिले तर नाही. एवढे सोपे असूनही उताराच्या टोकाला, जिथे पाणी सर्वांत शेवटी आणि कमी दाबाने पोचते त्या वस्तीत, रोज पहाटे ही नळी घेऊन कोण जाते? टोकाच्या वस्त्या बहुधा गरिबांच्या असतात, हा काही योगायोग नव्हे.

आता क्लोरीन असले की झाले, असेही कुणी समजू नये. नोव्हेंबर 1955 मध्ये दिल्लीत यमुनेचा प्रवाह सरकला आणि नजफगढ नाल्याचा मैला वझिराबादच्या पाणी उपसा केंद्रापर्यंत पोचला. अभियंत्यांनी प्रसंग ओळखून तुरटी आणि क्लोरीन वाढवले. विषमज्वर आणि हगवण वाढली नाही, पण काविळीने सुमारे 29 हजार माणसे आजारी पडली. ती हिपॅटायटिस ई होती, हे कळायला पुढे कित्येक वर्षे लागली. जानेवारी 2025 मध्ये पुण्यात सिंहगड रस्त्यालगत नांदेड, किरकटवाडी या भागात गुइलेन बॅरे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराने थैमान घातले आणि राज्यातली रुग्णसंख्या दोनशेच्या वर गेली. ही गावे 2021 मध्ये पुणे महापालिकेत आली होती. कर वसुली महापालिकेची सुरू झाली, पण पाणी विहिरीतून नुसते क्लोरीन टाकून जात होते, गाळणी नव्हतीच. रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर आणि नोरोव्हायरस सापडले. गढूळ पाण्यातल्या कणांच्या आडोशाला जंतू क्लोरीनपासून बचावतात, म्हणून गढूळपणाही मोजायचा असतो. शेवटच्या नळाचे क्लोरीन आणि गढूळपणा, हे दोन आकडे रोज मिळाले तर निम्मी साथ दारातच अडेल.

मग ते का मिळत नाहीत? कारण ते देण्याची सक्ती नाही. सीलबंद बाटलीतल्या पाण्याला अन्नसुरक्षेचा कायदा लागू आहे, त्यात खोट निघाली तर कारखानदार कोर्टात उभा राहतो. नगरपालिकेच्या नळासाठी मानक आहे, पण ते पाळणे ऐच्छिक. 2019 मध्ये तत्कालीन केंद्रीय मंत्री रामविलास पासवान यांनी राज्यांच्या राजधान्यांतील नळाच्या पाण्याचा अहवाल जाहीर केला. त्यात सर्व कसोट्यांना उतरली ती एकटी मुंबई. मानक सक्तीचे करू, असे तेव्हा बोलले गेले. बोलणे झाले. दुसरीकडे केंद्र सरकारने 2008 मध्येच शहरी सेवांसाठी कसोट्या ठरवून दिल्या होत्या. त्यातला दरडोई 135 लिटरचा आकडा प्रत्येक नगरसेवकाला पाठ आहे, कारण त्यावर योजना मंजूर होते आणि निविदा निघतात. त्याच पुस्तिकेत पाण्याचा प्रत्येक नमुना शुद्ध निघावा, अशीही कसोटी आहे. तिच्यावर निविदा निघत नाही.

गंमत अशी की या बाबतीत आपली खेडी शहरांच्या पुढे आहेत. ग्रामपंचायतीच्या पाण्याच्या स्रोतांची वर्षातून दोनदा पाहणी होते आणि पंचायतीला हिरवे, पिवळे किंवा लाल कार्ड मिळते. पाण्यात टाकायच्या टीसीएल (ब्लीचिंग) पावडरमध्ये क्लोरीनचे प्रमाण किती उरले, हेही तपासले जाते. लाल कार्ड आले की सरपंचाला गावाला तोंड द्यावे लागते. लाख-दोन लाख वस्तीच्या शहराच्या मुख्याधिकाऱ्याला किंवा आयुक्तांना असे कार्ड कोणी देत नाही.

नळावरचा विश्वास उडाला की त्याची जागा धंदा घेतो. ज्याला परवडते तो घरात आरओ बसवतो आणि एक लिटर गाळायला दोन-तीन लिटर मोरीत सोडतो. बाकीचे गार पाण्याचे निळे जार घेतात. सील नसलेला तो जार कुठल्या बोअरचा, कुठे भरला, केव्हा धुतला, हे विचारायची सोय नाही. त्याहून मासलेवाईक प्रकार म्हणजे अनेक नगरपालिकांनी स्वतःच चौकाचौकांत वॉटर एटीएम बसवले. पाच-दहा रुपये टाका आणि शुद्ध पाणी घ्या. म्हणजे पाणीपट्टी भरून घरी येते ते पाणी शुद्ध नाही, असा कबुलीजबाबच तो. उद्घाटनाच्या फितीखाली तो झाकला गेला, एवढेच.

हे सारे पैशाअभावी होते, हे कारण अर्धेच खरे. कराडशेजारच्या मलकापूरने, तेव्हाच्या एका नगरपंचायतीने, चोवीस तास पाणी देऊन दाखवले. जुन्या नळ्या काढून सांध्यांतून न गळणाऱ्या एचडीपीई नळ्या टाकल्या, घरोघर मीटर बसवले, जास्त वापराला जास्त दर लावला. नळी सतत भरलेली राहिली की तिच्यात गटार शिरायला जागाच उरत नाही आणि हंडे-पिंप भरून ठेवायचीही गरज पडत नाही. ओडिशातल्या पुरीने तर जुलै 2021 मध्ये घरातल्या नळाचे पाणी थेट पिण्याजोगे असल्याची ग्वाही दिली. 2011 च्या जनगणनेत पुरीची लोकसंख्या दोन लाख होती आणि इचलकरंजीची पावणेतीन लाखांहून थोडी अधिक. पुरीत रथयात्रेला लोटणारी गर्दी वेगळीच. तिथे बचत गटांतल्या महिला, ज्यांना ‘जलसाथी’ म्हणतात, दारोदार जाऊन बिल वसूल करतात आणि त्याच फेरीत ग्राहकासमोर पाणी तपासून दाखवतात. बिल मागायला येणाऱ्या बाईच्या हातात तपासणीची नळी असणे, ही कल्पना आपल्याकडच्या एकाही पालिकेला सुचू नये? आपल्याकडे बचत गटांचे जाळे कमी आहे म्हणून नव्हे. पाणी तपासले की आकडा निघतो आणि आकडा निघाला की उत्तर द्यावे लागते, म्हणून.

मीटर आणि वाढीव दराला आपल्या शहरांत विरोध होतो आणि त्यात नागरिकांचीही चूक आहे. टुल्लू जप्त करायला आलेल्या पथकाला गल्ली गोळा होऊन परत पाठवते, ही वस्तुस्थिती आहे. पण पालिकेचा दोष त्याने हलका होत नाही. शुद्धीकरण केंद्राची पाळी कंत्राटी कामगारांवर सोडून देणाऱ्या पालिकेने नव्या योजनेचे भूमिपूजन कोणत्या तोंडाने करावे? इचलकरंजीची नगरपालिका 2022 मध्ये महापालिका झाली. पाटी बदलली, पदे वाढली. त्या नव्या दर्जाला साजेशी एक तरी गोष्ट नागरिकांच्या घरात दिसली पाहिजे आणि ती नळापासून सुरू व्हावी.

आमची मागणी साधी आहे. दूधगंगेचा निकाल लागेल तेव्हा लागो. तोवर इचलकरंजीसह राज्यातल्या प्रत्येक लहान शहराने प्रत्येक प्रभागातला सर्वांत टोकाचा नळ निवडावा, पाणी सुटेल त्या प्रत्येक दिवशी तिथले क्लोरीन आणि गढूळपणा मोजावा आणि आकडे त्याच प्रभागातल्या फलकावर, तपासणाऱ्याच्या सहीनिशी लिहावेत. जिथे क्लोरीन शून्य निघेल तिथे त्याच दिवशी टँकर जावा आणि वाहिनी शोधून दुरुस्त व्हावी. गटारातून गेलेल्या नळजोडण्या पालिकेने स्वखर्चाने वर उचलाव्यात, कारण त्या ओलांडणीला परवानगी तिनेच दिली होती. याला ना नदी बदलावी लागते, ना शेजारच्या तालुक्याशी भांडावे लागते. आणि वाचकांनो, पाणीपट्टी भरायला जाल तेव्हा आपल्या गल्लीतल्या नळाची गेल्या महिन्याची क्लोरीन नोंदवही पाहायला मागा. नाही दाखवली तर माहिती अधिकाराचा अर्ज दहा रुपयांत होतो.