खताची गोणी आणि धातूचा पापुद्रा

मृगाच्या तोंडावर वाशीम जिल्ह्यातील सोयाबीन उत्पादकाची धाव असते ती खताच्या दुकानाकडे. डीएपीच्या ५० किलोंच्या गोणीत १८ टक्के, म्हणजे ९ किलो, नत्र असते. हे नत्र अमोनियातून येते आणि तेवढ्या अमोनियात सुमारे दोन किलो हायड्रोजन असतो. हा हायड्रोजन आज बव्हंशी नैसर्गिक वायूपासून काढला जातो; आणि त्या वायूचा, अमोनियाचा व तयार डीएपीचा मोठा हिस्सा देशाला बाहेरून आणावा लागतो. तेव्हा हायड्रोजन कसा व किती खर्चात मिळवावा, हा प्रश्न केवळ प्रयोगशाळेचा नाही. तो रिसोड-मानोऱ्याच्या शिवाराचाही आहे.

पाण्याचे विजेने विघटन करून हायड्रोजन मिळतो. एका किलोसाठी निसर्गनियमानुसार सुमारे ३९ युनिट वीज लागते. प्रत्यक्षात ५० किंवा त्याहून अधिक खर्ची पडते. मूळ ३९ युनिट कोणालाही वाचवता येणार नाहीत. वरची उधळपट्टी मात्र कमी करता येते, आणि उत्प्रेरकाचे काम नेमके तेच. हायड्रोजनच्या बाजूला प्लॅटिनम हा उत्तम उत्प्रेरक होय. परंतु तो महाग आहे आणि जगातील बहुतांश प्लॅटिनम एकट्या दक्षिण आफ्रिकेतून निघते.

पर्यायाचा शोध या टंचाईतूनच सुरू झाला. मॉलिब्डेनम सल्फाइडच्या स्फटिकात केवळ कडा कार्यक्षम असतात, मधला विस्तीर्ण पृष्ठभाग निष्क्रिय राहतो, हे २००७ मध्ये प्रयोगाने दिसले. नायोबियम व टँटलम यांची सल्फाइडे मात्र धातूप्रमाणे वीज वाहून नेतात आणि त्यांचा सपाट पृष्ठभागही कामाला येऊ शकतो, असे २०१७ च्या संशोधनाने दाखवले. केसाच्या जाडीच्या सुमारे एक लाखांश एवढा पातळ पापुद्रा वाढवणे हेच खरे कौशल्य! हे धातू अतिशय उच्च तापमानाला वितळतात, त्यामुळे त्यांची वाफ मिळवणे कठीण. मिठासारखे क्षार मिसळल्यास ही अडचण सुटते, हे २०१८ पर्यंत अनेक संयुगांबाबत सिद्ध झाले. याच कुळातील नायोबियम सेलेनाइड एका थराइतके पातळ झाले तरी अतिशीत तापमानात अतिवाहक राहते. म्हणून भौतिकशास्त्रज्ञांनाही त्याचे आकर्षण आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतही स्तरित स्फटिक वाढवण्याचे काम चालते.

यावरून उद्या खताची गोणी स्वस्त होईल असे सांगणे ही मात्र फसवणूक ठरेल. यातील काही पापुद्रे हवेतच खराब होतात. कारखान्यात वर्षानुवर्षे टिकणे ही निराळीच कसोटी आहे. शिवाय विजेचा बराच अपव्यय ऑक्सिजनच्या बाजूला होतो. परंतु फळ दूर आहे म्हणूनच खाजगी भांडवल थांबत नाही, आणि म्हणूनच हा खर्च शासनाने उचलावा लागतो.

तो किती उचलला जातो? जानेवारी २०२३ मध्ये मंजूर झालेल्या राष्ट्रीय हरित हायड्रोजन अभियानाची तरतूद १९,७४४ कोटी रुपयांची आहे. तीतील १७,४९० कोटी उत्पादनाला प्रोत्साहन देण्यासाठी आणि ४०० कोटी संशोधनासाठी. शंभरात जेमतेम दोन रुपये! आधी कारखाने उभे राहोत, मग संशोधन, असा युक्तिवाद केला जाईल. मात्र यंत्राचे मर्म परक्यांच्याच हाती राहिले, तर वायूचे परावलंबन जाऊन यंत्राचे येईल, एवढाच काय तो फरक.

उरलेला प्रश्न वाटपाचा. वाशीमची गणना २०१८ मध्ये देशातील आकांक्षित जिल्ह्यांत झाली. येथील महाविद्यालयांत पापुद्रे वाढवण्याच्या महागड्या भट्ट्या उभाराव्यात, असे कोणी म्हणणार नाही. पण मुंबई-पुण्यात तयार झालेला नमुना किती विजेत किती हायड्रोजन देतो आणि किती तास टिकतो, हे मोजण्यास लागणारी साधने जिल्ह्याच्या महाविद्यालयालाही पेलण्यासारखी आहेत. अशा मोजमापाला चिकाटी लागते, आणि ती राजधानीच्या शहरांचीच मिरास नव्हे. २०२३ च्या कायद्याने स्थापन झालेल्या अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानाने बड्या संस्थांना अनुदान देताना एखाद्या जिल्हा महाविद्यालयाला सहभागी करण्याची अट घालावी. जो जिल्हा खताची किंमत मोजतो, त्याच्या विद्यार्थ्याला त्या खतामागचे विज्ञान हाताळण्याची संधी मिळणे हा उपकार नव्हे. तो त्याचा वाटा आहे.