परक्या शहरातील वाहन आणि रस्त्याची बोली



भाषा म्हणजे केवळ शब्दांचा संग्रह नव्हे, तर समाजाने मान्य केलेली ती एक संकेतव्यवस्था आहे, हे आपण जाणता. हा विचार ग्रंथाबाहेर, थेट रस्त्यावर नेला तर काय दिसते, हे प्रस्तुत लेखात पाहावयाचे आहे. त्यासाठी एक व्यावहारिक प्रश्न घेऊ: परदेशातील गजबजलेल्या, आपल्याला बेशिस्त भासणाऱ्या शहरात परक्या माणसाने स्वतः वाहन चालवावे काय? आपल्यापैकी अनेकांचे आप्त परदेशी असतात, काहीजण सहलीलाही जातात, आणि भाड्याची स्कूटर तेथे सहज मिळते. म्हणून हा प्रश्न आपल्याला परका नाही. माझे मत आरंभीच सांगतो. चार दिवसांच्या पाहुण्याने वाहन चालवू नये. दीर्घकाळ राहणाऱ्याने आधी शिकावे, मगच चालवावे.

काही वर्षांपूर्वी व्हिएतनामची राजधानी हनोई येथे जाण्याचा योग आला. सुमारे १० कोटी लोकसंख्येच्या या देशात नोंदणीकृत दुचाकींची संख्या ७ कोटींच्या वर आहे. होआन किएम तलावाच्या उत्तरेस असलेल्या जुन्या वस्तीत रस्ता ओलांडण्यासाठी मी बराच वेळ ताटकळत उभा होतो. दुचाकींचा लोंढा काही थांबेना. अखेर फळे विकणारी एक वृद्धा खांद्यावरील कावड सावरीत संथपणे त्या लोंढ्यात शिरली, आणि मीही तिच्या मागोमाग निघालो. मध्यावर एक स्कूटर जवळ आलेली पाहून मी घाबरलो आणि जागच्या जागी थांबलो. स्वाराने करकचून ब्रेक दाबला. त्याच्या मागचे दोघेतिघे कसेबसे सावरले. वृद्धा मात्र त्याच संथ गतीने पलीकडे पोहोचली होती.

चूक माझी होती. तेथे पादचाऱ्याने एकसारख्या गतीने चालत राहावे, स्वारांनी त्या गतीचा अंदाज घेऊन त्याला वळसा घालावा, असा अलिखित संकेत आहे. मला जी सावधगिरी वाटली, ती त्या रस्त्याच्या बोलीत व्याकरणाची चूक ठरली. पायी चालताना घडलेली ही चूक हातात वाहन असताना घडली असती, तर काय झाले असते?

वाहन चालविण्याचा परवाना हा व्याकरणाच्या परीक्षेच्या प्रमाणपत्रासारखा असतो. चिन्हे, दिवे, नियम यांचे ज्ञान त्याने सिद्ध होते. परंतु व्याकरण येणे आणि समाजात योग्य प्रसंगी योग्य तऱ्हेने बोलता येणे या भिन्न गोष्टी आहेत. डेल हाइम्स या अभ्यासकाने या दुसऱ्या गोष्टीला ‘संप्रेषणक्षमता’ मानले. रस्त्यावरही तसेच आहे. समोरच्या गाडीने दिवा लुकलुकवला, तर ब्रिटनमध्ये त्याचा अर्थ बहुधा ‘आपण आधी जा’ असा घेतला जातो. आपल्याकडे तोच संकेत ‘मी येतो आहे, थांबा’ असे बजावतो. चिन्ह एकच, अर्थ परस्परविरुद्ध! असा अर्थभेद परवान्याच्या परीक्षेत विचारला जात नाही.

दुसरे कारण सवयीचे. नवी भाषा बोलताना मातृभाषेच्या सवयी मध्येच डोकावतात, हे आपण जाणतोच. आपण रस्त्याच्या डाव्या बाजूने वाहन चालवितो, तर व्हिएतनाममध्ये उजव्या बाजूने चालवितात. मन शांत असताना हा फरक लक्षात राहतो. पण एखादे मूल अचानक आडवे आले की हात जुन्या सवयीनेच वळतात. घाबरलेला माणूस ‘आई गं’ असे मातृभाषेतच ओरडतो, तसेच हे आहे.

यावर कोणी म्हणेल की, नवखा माणूस अधिक जपून चालवितो. हा युक्तिवाद निराधार नाही. ३ सप्टेंबर १९६७ रोजी स्वीडनने सारी वाहतूक एका दिवसात डावीकडून उजवीकडे वळविली, तेव्हा आरंभी अपघात वाढण्याऐवजी कमी झाले, कारण सर्वजण जपून चालवीत होते. परंतु तेथे सारा समाज एकाच वेळी नवखा होता. हनोईच्या चौकात नवखे असतो आपण एकटे. इतरांचा वेग आणि इतरांच्या अपेक्षा जुन्याच असतात. एकट्याची सावधगिरी तेथे अडथळा ठरू शकते.

कायद्याची बाजूही दुर्लक्षू नये. भारतातून मिळणारा आंतरराष्ट्रीय परवाना १९४९ च्या जिनिव्हा करारानुसार दिला जातो. व्हिएतनाम मात्र १९६८ च्या व्हिएन्ना करारानुसार दिलेले परवाने मानतो. स्कूटर भाड्याने देणारा दुकानदार हे सांगेलच असे नाही. वैध परवान्याविना अपघात झाला, तर प्रवासविमा सहसा भरपाई नाकारतो. ज्या शहराला आपण बेशिस्त म्हणतो, त्यालाही कायदा असतो. व्हिएतनाममध्ये २०२० पासून मद्याचा अंशही शरीरात असताना वाहन चालविणे गुन्हा आहे. अनोळखी भाषा कानांना गोंगाट वाटते. तो गोंगाट भाषेचा नसून आपल्या अज्ञानाचा असतो. ‘बेशिस्त’ या विशेषणाचेही बऱ्याच अंशी तसेच आहे.

सर्वांत महत्त्वाचा मुद्दा नैतिक आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ मध्ये जगभरात सुमारे ११ लाख ९० हजार माणसे रस्ते-अपघातांत मृत्युमुखी पडली. त्यांतील निम्म्याहून अधिक पादचारी, सायकलस्वार आणि दुचाकीस्वार होते. पाहुण्याच्या चुकीचे मोल अनेकदा ती कावडवाली वृद्धा किंवा शाळेत निघालेले मूल मोजते. पाहुणा आठवड्याने घरी परततो. त्या घरातील माणूस परतत नाही. आपल्या हौसेसाठी दुसऱ्याचा जीव धोक्यात घालण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला?

‘बोलल्याशिवाय भाषा येत नाही, मग चालविल्याशिवाय रस्ता कसा कळेल?’ हा आक्षेप विचारार्ह आहे. परंतु बोलताना चुकलो तर लोक हसतात. वाहन चालविताना चुकलो तर रक्त सांडते. म्हणून येथे श्रवण आधी, भाषण नंतर. ज्याला परक्या शहरात वर्षानुवर्षे राहावयाचे आहे, त्याने आधी पायी फिरावे, बसमधून आणि इतरांच्या मागे बसून रस्ता न्याहाळावा, तेथील परवाना घ्यावा आणि जाणत्या स्थानिकाला सोबत घेऊन पहाटेच्या मोकळ्या रस्त्यावर आरंभ करावा. पाहुण्याने मात्र चालकाला चार पैसे द्यावेत आणि खिडकीतून शहर वाचावे. त्यात कमीपणा कसला?

शेवटी एक सुचवितो. आपल्या गावातील वर्दळीच्या चौकात अर्धा तास उभे राहा. हॉर्न, दिवा, हात, मान यांनी चालक एकमेकांना काय काय सांगतात, त्याची नोंद करा. त्यांतील किती संकेत नियमपुस्तकात सापडतात आणि किती आपण नकळत आत्मसात केले आहेत, हे ताडून पाहा. त्या यादीतला दुसरा भाग जितका लांबेल, तितके परक्या शहरात स्टिअरिंगला हात लावण्यापूर्वी आपण थबकाल, असा मला विश्वास वाटतो.