परवलीचा शब्द

पुण्यात कुणी ‘येरवड्याला पोचवीन’ असा दम दिला, तर तुरुंगात की मनोरुग्णालयात, हे ज्याने त्याने आपल्या वकुबाप्रमाणे ठरवायचे असते. आता येरवड्यात संगणक-कंपन्यांच्या काचेच्या इमारतीही आहेत. २०२० च्या मार्चात टाळेबंदी आली आणि त्या इमारतींतले काम उठून आमच्या दोन-तीन खोल्यांच्या बिऱ्हाडांत येऊन बसले. पुढे पुष्कळसे परत गेले. पण शेजारच्या वहिनींची थोरली अजून आठवड्यातले दोन दिवस जेवणाच्या टेबलावरच कचेरी थाटते.

तसे लांब बसून काम चालवणे येरवड्याला नवे नाही. १९३० साली गांधीजी इथल्या तुरुंगातून दर आठवड्याला साबरमतीच्या आश्रमाला पत्र धाडीत. ११ फेब्रुवारी १९३३ रोजी पुण्यात ‘हरिजन’ साप्ताहिक निघाले, तेव्हाही ते याच भिंतीआड होते. पत्रे तुरुंगाधिकाऱ्यांच्या नजरेखालून जात. महात्म्याला त्याचे काय! पण ही पोरगी परक्यांच्या पैशांचे हिशेब हाताळते. उघड्या पाकिटाची चैन तिला परवडणारी नाही.

म्हणून तिची कंपनी ‘व्हीपीएन’ नावाची वाट वापरते. मला समजले ते असे : घरून निघणारा मजकूर गुप्त लिपीत लिहून दुसऱ्या पाकिटात घालायचा आणि वर पत्ता फक्त कंपनीच्या दरवाजाचा. वाटेतल्या टपालवाल्याला पाकीट दिसते, आतले अक्षर लागत नाही.

पण वाट झाकलेली असली म्हणून वाटसरू खरा ठरत नाही. पानिपतानंतर सदाशिवरावभाऊंचा तोतया निघाला आणि १७७६ साली कोकणातले किल्ले हाती घेण्यापर्यंत त्याची मजल गेली. भलेभले त्याला भुलले. परवलीचा शब्दही असाच कुणालाही चोरता येतो. त्यासाठी दुसरी खूण : मोबाइलवर येणारे, घटकेत बाद होणारे सहा आकडे.

गेल्या आषाढात मुलगी न्हाणीघरात असताना तिचा मोबाइल वाजला. ‘मॅडमच्या कंपनीतून बोलतोय. आत्ता आलेले सहा आकडे जरा वाचून दाखवता का? नाहीतर त्यांचं काम अडेल.’ लेकीचे काम अडेल म्हटल्यावर कुठली आई स्वस्थ बसेल! ‘थांबा हं, चष्मा घेते,’ म्हणून वहिनी चष्मा शोधू लागल्या. तो देवघरात राहिला होता, म्हणून निभावले. मुलगी ओल्या केसांनी धावत आली आणि तिने फोन हिसकावून बंद केला. परवलीचा शब्द त्या गृहस्थाने आधीच पैदा केला होता. आकडे हाती पडते, तर तो तिच्या नावाने आत शिरला असता, आणि नोकरी जाती ती हिची. तिने कंपनीला कळवले, शब्द बदलला आणि मग आईवर तोंड टाकले.

‘जन्म दिला मी, आणि सहा आकड्यांची माझ्यापासून चोरी?’ दोन दिवस मायलेकींत अबोला होता.

मी वहिनींच्या बाजूचा आहे. कंपनीने मुलीला यंत्र दिले, शिकवले, कागदांवर सह्या घेतल्या. पण ज्या घरात कचेरी मांडली, त्या घरातल्या माणसांना कुणी अवाक्षराने काही सांगितले नाही. आमच्याकडे दिवसा दाराला कडी लावली, तर ‘बरं आहे ना?’ म्हणून शेजारी चौकशीला येतात. तिथे गुपिताची सवय व्हायची कशी?

अखेर मुलीनेच समजावले, ‘आई, खऱ्या माणसाला ते आकडे विचारावेच लागत नाहीत. विचारतो तो तोतया.’ हे मात्र वहिनींना तत्काळ पटले. आता त्या फोनवर सांगतात, ‘नाव सांगा आणि ठेवा, ती कचेरीच्या नंबरावर स्वतः फोन करील.’ परवा तर बँकेच्या नावाने बोलणाऱ्या एकाला त्यांनी आडनाव, मूळ गाव आणि आजोळ इतके खोदून विचारले, की त्यानेच घाईघाईने फोन ठेवला.