दोन औषधे हरल्यावर

अपस्मारासाठी खास केंद्रे ही गरीब देशाला न परवडणारी चैन आहे, हे मत सार्वजनिक आरोग्याची तळमळ असलेल्यांकडूनच ऐकू येते. म्हणून त्याला नीट उत्तर द्यायला हवे. त्यांचे म्हणणे असे: गावात अजून फिट आली की नाकाशी कांदा नाहीतर चप्पल धरतात, मग देवर्षी, मग अंगारा. फेनोबार्बिटोनसारखी स्वस्त गोळी जिथे रोज मिळत नाही, तिथे व्हिडिओ ईईजी आणि मेंदूच्या शस्त्रक्रियांवर पैसा कशाला?

यातला गोळीचा मुद्दा पूर्ण मान्य. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे योग्य निदान आणि उपचार मिळाले तर दहांतले सात रुग्ण फिटमुक्त राहू शकतात, आणि त्यांतल्या बहुतेकांना मोठ्या रुग्णालयाची पायरी चढावी लागत नाही. तालुक्याच्या दवाखान्यात गोळ्यांचा साठा कधीच संपता कामा नये. वाद आहे तो उरलेल्या तिघांचा.

त्यांचे आपण काय करतो? डोस वाढवतो, तिसरी गोळी जोडतो, मग चौथी. ग्लासगोच्या क्वान आणि ब्रॉडी यांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात पहिल्या औषधाने ४७ टक्के रुग्णांच्या फिट थांबल्या, दुसऱ्याने आणखी १३ टक्क्यांच्या, आणि तिसऱ्याने जेमतेम एका टक्क्याच्या. म्हणूनच योग्य निवडलेली दोन औषधे पुरेशा डोसात घेऊनही फिट येत राहिल्या, तर आजार औषधाला दाद देत नाही असे मानावे, ही व्याख्या २०१० मध्ये अपस्मारावर काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेने ठरवली. तरीही ‘आणखी थोडे दिवस बघू’ म्हणत वर्षे जातात. तेवढ्यात शाळा सुटते, नोकरी जाते, जमलेले लग्न मोडते.

केंद्र म्हणजे शस्त्रक्रियेचे टेबल, हा दुसरा गैरसमज. तिथले मुख्य काम तपासाचे. रुग्णाला वॉर्डात ठेवतात, गरज पडली तर देखरेखीखाली औषध कमी करतात, आणि कॅमेरा व ईईजी चालू ठेवून फिट येण्याची वाट पाहतात. ती मेंदूच्या कोणत्या भागातून उठली, हे तेव्हा कळते. कधी असेही दिसते की वर्षानुवर्षे गोळ्या खाणाऱ्या माणसाला अपस्मार नव्हताच. झटके मानसिक ताणातून येत होते. सकाळी उठल्या उठल्या हात दचकतो, हातातला कप पडतो, हे कोणी विचारलेच नाही म्हणून एखाद्या मुलीला कार्बामाझेपिन दिले जाते, आणि तिच्या प्रकारच्या अपस्मारात ते दचके वाढवू शकते. व्हॅल्प्रोएट घेणाऱ्या तरुणीला गर्भावरचा धोका आधीच सांगायला हवा. साध्या एमआरआयच्या अहवालात ‘नॉर्मल’ लिहिलेले असते. अपस्मारासाठी ठरलेल्या पद्धतीने काढलेल्या चित्रात कानशिलामागच्या खंडातला व्रण सापडतो. हे सारे अनुभवी माणसांचे काम आहे, आणि ती माणसे एका छताखाली हवीत.

आता शस्त्रक्रियेच्या भीतीबद्दल. मेंदूला हात लावायचा म्हटल्यावर आईबापांच्या पोटात गोळा येणारच, त्यांना मी दोष देत नाही. पण डॉक्टरांनी तरी आकडे सांगावेत. कॅनडात ८० रुग्णांवर झालेला अभ्यास २००१ साली प्रसिद्ध झाला. वर्षाअखेर शस्त्रक्रियेच्या गटात ५८ टक्के रुग्ण शुद्ध हरपवणाऱ्या फिटमधून सुटले होते, नुसत्या औषधांच्या गटात ८ टक्के. आणि अभ्यासात जो एक मृत्यू झाला तो औषधांच्या गटात. परदेशाची उदाहरणे नकोत म्हणाल, तर दिल्लीच्या एम्सचा २०१७ चा अभ्यास आहे. अठरा वर्षांपर्यंतच्या ११६ मुलांपैकी शस्त्रक्रिया झालेली ७७ टक्के मुले वर्षानंतर फिटमुक्त होती, नुसत्या औषधांच्या गटातली ७ टक्के. शस्त्रक्रियेच्या गटातल्या सुमारे एक तृतीयांश मुलांना गंभीर त्रास झाले, त्यांत एका बाजूची ताकद कमी होणे प्रमुख. ही किंमत लपवू नये. पण फिट चालू राहण्याचीही किंमत आहे, आणि ती मोजण्याची तसदी कुणी घेत नाही. पडून भाजणे, बुडणे, झोपेतला अचानक मृत्यू या सगळ्याला आपण ‘नशीब’ म्हणून मोकळे होतो.

गरीब देशाला हे जमत नाही, असेही म्हणता येत नाही. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल या सरकारी संस्थेत १९९५ पासून अपस्मारावर शस्त्रक्रिया होत आहेत. गोळी आणि केंद्र यांत निवड करायला सांगणे हाच या वादातला दोष आहे. गावातल्या डॉक्टरला औषध कधी बदलायचे हे शिकवणारे केंद्र नसेल, तर स्वस्त गोळीसुद्धा चुकीच्या माणसाला जाते. माझी मागणी साधी आहे: दुसरे औषध हरले त्याच दिवशी डॉक्टरने केंद्राच्या नावे चिठ्ठी लिहावी, आणि गडचिरोली-नंदुरबारच्या कुटुंबाला ती घेऊन राज्याबाहेर जावे लागू नये, म्हणून प्रत्येक विभागातल्या एका तरी सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात व्हिडिओ ईईजीच्या खाटा आणि त्या चालवणारे तंत्रज्ञ असावेत.