कल्पित प्राणी आणि खरी सृष्टि

काल्पनिक जगांत पात्रें होऊन खेळावयाचा जो खेळ अलीकडे विद्यार्थ्यांत प्रिय झाला आहे, त्याविषयीं कांहीं वडील मंडळी नाक मुरडतात. एकानें कथानक सांगावें, इतरांनीं योद्धा, मांत्रिक, वैद्य अशीं सोंगें घ्यावीं आणि कठीण प्रसंगाचा निकाल फाशांवर सोडावा, असें त्याचें स्थूल स्वरूप आहे. अमेरिकेंत गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन यांचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा या जातीचा प्रसिद्ध खेळ १९७४ सालीं निघाला. आमच्या मतें हा खेळ निंद्य नाहीं. उलट, त्या जगासाठीं नव्या वनस्पति व नवे प्राणी कल्पिणें हें त्याचें अंग शाळेनें उत्तेजन देण्याजोगें आहे. मात्र तें काम ज्या रीतीनें केलें जातें, ती रीत आम्हांस पसंत नाहीं.

नवे प्राणी कल्पिण्याची हौस कांहीं आजची नव्हे. जंजिऱ्याच्या दरवाज्यावर पायांत व शेपटींत हत्ती धरलेला एक श्वापद कोरलेला आहे; दोन मुखांचा गंडभेरुंड दक्षिणेंतील नाण्यांवरहि दिसतो. पवित्र शास्त्रांत ईयोबाच्या ग्रंथांत बेहेमोथ व लिव्याथान यांचें वर्णन आहे. पण तेथें बेहेमोथ गवत खातो आणि वेतांच्या सावलींत निजतो, हें सांगावयास ग्रंथकार विसरलेला नाहीं. आमच्या विद्यार्थ्यांच्या वह्यांत मात्र सिंहाचें डोकें, गरुडाचे पंख व विंचवाची नांगी एकत्र जोडली कीं प्राणी तयार होतो! तो काय खातो, पाणी कोठें पितो, त्याचीं पिलें कोण सांभाळतें, याचा विचार नाहीं. तो गुहेच्या तोंडाशीं उभा असतो, आणि नायकाच्या तरवारीनें मरणें एवढाच त्याचा जन्माचा हेतु असतो.

न पाहतां काढलेल्या चित्राचें काय होतें, याचा एक दाखला आमच्याच किनाऱ्यावरचा आहे. गुजराथचा सुलतान मुजफ्फरशहा याच्याकडून आलेला एक गेंडा आल्बुकर्क यानें गोव्याहून पोर्तुगालच्या राजाकडे पाठविला. इ. स. १५१५ च्या मे महिन्यांत तो लिस्बनला पोंचला. जर्मन चित्रकार ड्यूरर यानें तो प्राणी कधींहि पाहिला नव्हता. दुसऱ्यानें पाठविलेलें वर्णन व रेखाटन यांवरून त्यानें लाकडी ठसा कोरला. त्यांत गेंड्याच्या अंगावर चिलखताचे पत्रे दिसतात आणि खांद्यावर एक जादा शिंग आहे. युरोपांत हें चित्र दोनशे वर्षांहून अधिक काळ खरें मानलें गेलें. बिचारा खरा गेंडा १५१६ च्या आरंभीं, पोपकडे नेत असतां, इटलीच्या किनाऱ्यानजीक जहाज फुटून बुडाला. एवढा थोर कलावंत न पाहतां चुकला, तर आमच्या बालकलावंतांची कथा काय?

सृष्टीचे कांहीं नियम काल्पनिक जगांतहि पाळले, तरच तें जग खरें वाटतें. गॅलिलिओनें १६३८ च्या आपल्या ग्रंथांत दाखविलें कीं, प्राण्याची लांबी, रुंदी व उंची दुप्पट केली, तर वजन आठपट होतें, पण हाडाचा छेद चौपटच होतो. म्हणून राक्षसी प्राण्याचीं हाडें प्रमाणाबाहेर जाड लागतात. तसेंच, खाद्यांतील शक्तीपैकीं सुमारें एक दशांशच पुढच्या पायरीवर पोंचते. ज्या रानांत दहा व्याघ्र कल्पावयाचे, तेथें हरणांचे कळप व गवताचीं कुरणें आधीं कल्पावीं लागतात.

कोणी म्हणतील, नियमांनीं कल्पनेचे पंख कापले जातात. आम्हांस तसें वाटत नाहीं. भूशास्त्राचे अभ्यासक डूगल डिक्सन यांनीं १९८१ सालीं, मनुष्य नाहींसा झाल्यावर पांच कोटि वर्षांनीं कोणते प्राणी असतील याची कल्पना करून एक सचित्र पुस्तकच लिहिलें. तेथें नियमांनींच नवीं रूपें सुचविलीं आहेत.

पाहावयास दूर जावें लागत नाहीं. सिल्व्हर पार्कमध्यें राहणाऱ्या विद्यार्थ्याच्या उत्तरेस वसईची खाडी आहे आणि पूर्वेच्या बाजूस राष्ट्रीय उद्यानाचे डोंगर आहेत. खाडीच्या चिखलांत तिवराचीं मुळें जमिनींतून वर डोकें काढून श्वास घेतात, आणि त्याचीं पानें जादा मीठ बाहेर टाकतात. कोंकणच्या खाड्यांतील कांदळाचें बीज झाडावर असतांनाच रुजतें. निवटी नांवाची मासळी पाणी सोडून चिखलावर येते, परांच्या आधारें सरकते, आणि अंग ओलें असेपर्यंत त्वचेवाटेंहि प्राणवायु घेते. डोंगरावरची कारवी सात-आठ वर्षांत एकदांच फुलते आणि बीं टाकून मरते. यांतील एक तरी गोष्ट आमच्या मुलांनीं कल्पिली असती, तर सोबत्यांनीं तिला अशक्य म्हटलें असतें!

येथें केवळ खेळाचाच प्रश्न नाहीं. खाडीचा चिखल म्हणजे भराव घालावयाची पडीक जागा, अशी समजूत नगरांत रूढ आहे. मुंबई उच्च न्यायालयानें २०१८ सालीं कांदळवनांचा नाश करण्यास मनाई केली. राज्यानें २०२० सालीं पांढरी चिप्पी हा राज्याचा कांदळवृक्ष म्हणून जाहीर केला. पण निकाल व जाहीरनामे मुलांच्या मनांत उतरत नाहींत. आपल्या जगांतील एखादा प्राणी जगविण्यासाठीं ज्यानें त्याचा चिखल, त्याची भरती-ओहोटी व त्याचें अन्न यांचा हिशेब मांडला आहे, त्याला चिखल गेला कीं निवटी गेली हें निराळें शिकवावें लागत नाहीं. बिबट्याचेंहि तसेंच. त्याचें रान, भक्ष्य व रात्रीच्या वाटा न जाणतां आम्हीं मोठ्या माणसांनींच त्याला गुहेच्या तोंडाशीं उभा केलेला राक्षस करून टाकला आहे.

आदामानें प्राण्यांस नांवें ठेविलीं. पण आधीं ते त्याच्यासमोर आणले गेले, आणि त्यानें ते पाहिले. आमची सूचना इतकीच आहे: प्रत्येक खेळगड्यानें कल्पित प्राण्याच्या पानासमोर खऱ्या प्राण्याचें एक पान लिहावें, आणि तें खाडीच्या कांठीं, ओहोटीच्या वेळीं, वडील माणूस सोबत घेऊन लिहावें. त्याचे राक्षस मग कमी भयंकर होतील, असें नाहीं; पण ते जिवंत होतील.